वाढत्या अंगाचं माप

"वावटळीला उंची लागते हो," मोबाइलवर बोट सरकवत मास्तरीणबाई म्हणाल्या. "इथं स्पष्ट लिहिलंय. ठरावीक उंचीच्या खालच्या मुलांना बसू देत नाहीत."

जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचे घास हातातच थांबले. सुट्टीत थीम पार्कला जायचं ठरल्यापासून या घरात दुसरा विषय नव्हता, आणि थीम पार्क म्हणजे वावटळ. भला उंच खांब, त्याच्याभोवती टांगलेल्या खुर्च्या, आणि त्या वर जाऊन गरागरा फिरणार. दादाचा प्रश्नच नव्हता, तो लहानपणापासून ताडमाड. प्रश्न होता धाकटीचा. तिला खरं नाव आहे, पण तिचा आकार आणि दिवसभराची धावपळ पाहून सगळे तिला मुंगीच म्हणतात.

"एवढंच ना?" मास्तर हात पुसत उठले. "घरात टेप असताना चर्चा कशाला?"

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. लहान मुलांचे कपडे शिवावेत तर त्यांनीच. टेप गळ्यात असते ती फक्त अंघोळीपुरती उतरते. त्यांनी शिवलेला फ्रॉक विटेल, शाईनं माखेल, धाकट्या बहिणीकडे जाईल, पण आखूड झाला म्हणून एकही आई आजवर दुकानात आलेली नाही. माप घेतानाच ते वाढत्या अंगाचा हिशेब धरतात आणि दुमडीत भरपूर कापड ठेवतात. पोरगं आरशासमोर बाह्यांत हरवून उभं राहिलं की पाठीवर थाप मारून म्हणतात, "आत्ता जरा मोठं वाटतंय, पण बसेल हळूहळू." आणि खरंच बसतं हो! अशा माणसाला नमस्कारच करायला हवा.

तर मास्तरांनी मुंगीला दाराच्या चौकटीला टेकवलं, टेप लावली, डोळे बारीक केले आणि जाहीर केलं, "बसते! वर बोटभर शिल्लक राहतं!"

मुंगी खुर्चीवर चढून नाचली. मास्तरीणबाईंनी तिकिटं काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी ही बातमी शाळेत पोचली. बाकावरची शेजारीण म्हणाली, "हॅ! तुला कपबशीच्या पाळण्यात बसवतील, बाळांबरोबर."

"माझ्या बाबांनी माप घेतलंय," मुंगी म्हणाली.

अर्ध्या वर्गाच्या अंगावर त्याच बाबांनी शिवलेला गणवेश होता. आता बोलणार काय?

इथवर सगळं सुरळीत होतं. पण मास्तरीणबाई पोस्टात पार्सलच्या काउंटरवर बसतात. काटा जे म्हणेल तेच बाई म्हणतात. सख्खा भाऊ पार्सल घेऊन आला तरी त्याला एका ग्रॅमची सूट नाही. अशा बाईला दुसऱ्यानं घेतलेलं माप पचणं कठीणच. एका संध्याकाळी त्यांनी मुंगीला पुन्हा चौकटीशी उभं केलं, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली, आणि मग मुंगीला खेळायला पाठवून मास्तरांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"अहो, पोरगी दोन बोटं कमी भरतेय."

"शक्यच नाही."

"तुम्ही माप घेताना वाढीव किती धरलंत?"

"नेहमीचंच. तीन बोटं. वाढतं अंग आहे तिचं…" आणि मास्तरांनी स्वतःच्याच बोटांकडे पाहिलं.

"अहो, वावटळ म्हणजे काय फ्रॉक आहे? पुढच्या वर्षी दुमड उसवून सोडायला?"

मास्तर मटकन स्टुलावर बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं माप आखूड पडलं होतं, आणि तेही स्वतःच्या लेकीला. तिनं सगळ्या वर्गासमोर बापाच्या टेपेची ग्वाही दिलेली. आता तिला सांगायचं कोणत्या तोंडानं? पोरगी रडली असती तर एक वेळ चाललं असतं. पण पुढच्या वेळी बाबांनी माप घेताना ती संशयानं बघणार, या विचारानं मास्तरांना जेवण गोड लागेना.

दोन दिवसांनी त्यांनी मुंगीच्या बुटांत कापडाच्या जाडजूड गाद्या शिवून बसवल्या. काम इतकं सुबक की बाहेरून कळायची सोय नव्हती. मास्तरीणबाईंनी बूट नुसता हातात घेतला आणि म्हणाल्या, "जड लागतोय." आता पोस्टाच्या हाताला कोण फसवणार?

"अहो, ती उंची कुणी हौस म्हणून ठरवलेली नाही. खांद्यावर पट्टा नीट बसायला हवा. सैल पट्ट्यात पोरीला वर पाठवणार आहात का?"

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. ते स्वतः स्टुलावरसुद्धा चढत नाहीत. वरच्या फळीवरचे दोऱ्याचे डबे मास्तरीणबाईच काढून देतात. त्यांनी मुकाट्यानं कात्री घेऊन गाद्या उसवल्या.

"मग करायचं काय गं?"

"वाढू द्यायचं," बाई म्हणाल्या. "मी तारीख बदलून घेतलीय. सुट्टीच्या पार शेवटी जाऊ. आणि यापुढे माप मी घेणार. टेप इकडे द्या."

मास्तरांनी टेप दिली. त्यांच्या मनाचा हा मोठेपणा लक्षात ठेवा.

त्यानंतर घरात मुंगीला वाढवण्याचं काम जोरात सुरू झालं. मास्तरांनी तिला लोंबकळायला दाराला दांडी बसवून दिली, आणि ताटात वाढताना ते इथंही तीन बोटं जास्तच वाढत. दादा तिला रोज सकाळी पाय धरून ओढायचा, तो प्रकार मात्र आईनं बंद पाडला. मुंगीला वाटत होतं की सगळे आपले लाड करताहेत. सुट्टी संपत आली तेव्हा बाईंनी फूटपट्टी धरली आणि मास्तरांना हळूच म्हणाल्या, "केसभर कमी."

"केसभरच ना? मग धरून टाक की!"

"केसभर म्हणजे केसभर कमी."

मास्तरांनी पार्कला फोन लावला.

"पुन्हा तुम्हीच का?" पलीकडचा आवाज दमलेला होता. "सांगितलं ना काका, बूट काढून मोजतो. वेणी धरत नाही."

"ते झालं हो. सकाळी मोजता की संध्याकाळी?"

"माणूस येईल तेव्हा! त्यानं काय फरक पडतो?"

"पडतो!" मास्तर ओरडले आणि त्यांनी आनंदानं फोन ठेवून दिला. कपडे शिवणाऱ्याला ठाऊक असतं, माणूस झोपून उठतो तेव्हा जरा उंच असतो आणि दिवसभर उभं राहून दबतो. म्हणजे काम सोपं होतं. मुंगीला वावटळीपर्यंत उभं राहू द्यायचं नाही!

बाईंनी यावर बराच विचार केला. यात लबाडी नव्हती, उंची मुंगीचीच होती. त्यांनी झोपून जायच्या रेल्वेची तिकिटं काढली.

सकाळी पार्कच्या फाटकावर लोकांनी पाहिलं ते असं. पुढे बाई, पाठीवर सामान. मागे मास्तर आणि दादा, आणि दोघांच्या मधे चादरीच्या झोळीत आडवी मुंगी, डोळे टक्क उघडे.

"अरे बापरे! काय झालं मुलीला?" पहारेकरी धावला.

"काही नाही, काही नाही," मास्तर धापा टाकत म्हणाले. "तिची सकाळ टिकवतोय."

पहारेकऱ्यानं ताबडतोब शिट्टी फुंकली. मिनिटाभरात चाकांचं स्ट्रेचर आलं, त्याच्यामागे पार्कची नर्स आली, तिच्यामागे बघ्यांची गर्दी आली. मुंगीला स्ट्रेचरवर ठेवलं. मास्तरांना इतकी सोय अपेक्षित नव्हती, त्यांनी मनापासून आभार मानले.

"कुठं दुखतंय, बाळ?" नर्सनं विचारलं.

"कुठंच नाही."

"मग अशी पडून का राहिलीस?"

"दबू नये म्हणून."

नर्सनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तेव्हा बाईंनी नर्सला बाजूला घेऊन टेपेपासून तारखेपर्यंत सगळं सांगितलं, नवऱ्याची चूक न वाढवता आणि न घटवता. ऐकता ऐकता नर्सनं तोंडाला रुमाल लावला. मग ती म्हणाली, "सरका बाजूला," आणि स्वतः स्ट्रेचर ढकलत थेट वावटळीपाशी गेली. गर्दी मागोमाग आलीच.

वावटळीच्या माणसानं मुंगीला बूट काढून खांबापाशी उभं केलं आणि डोक्यावर लाकडी पट्टी टेकवली. दादानं श्वास रोखला. मास्तरांनी डोळे मिटले.

माणसानं वाकून बघितलं. पट्टी उचलून पुन्हा टेकवली. "बसते," तो म्हणाला. "अगदी नेमकी बसते."

काय टाळ्या पडल्या म्हणता! बाईंचे डोळे भरून आले. मास्तरांनी तर नर्सशी दोनदा हात मिळवला.

"चला, सोबत कोण येतंय?" माणूस म्हणाला.

"सोबत?"

"एवढ्या लहानांबरोबर शेजारच्या खुर्चीत मोठं माणूस लागतं. तिथंच खाली लिहिलंय."

एवढे दिवस सगळ्यांनी उंचीचंच बघितलं होतं, त्याखालची ओळ कुणी वाचली नव्हती. मास्तरांनी आशेनं बायकोकडे पाहिलं. बाई पुढे सरकल्याही, पण मुंगीनं आधीच बापाचं बोट पकडलं होतं.

"बाबाच. माप बाबांनी घेतलं होतं."

मास्तरांनी खांबाच्या टोकाकडे पाहिलं. तिथे माणसं किंचाळत होती. हा माणूस पडदे लावायला स्टुलावर चढत नाही, हे त्या गर्दीत एका बाईलाच माहीत होतं. तिनं काही म्हणायच्या आत मास्तरांनी त्या दिवसापुरती परत मिळालेली टेप गळ्यातून काढली, बायकोच्या हातात ठेवली आणि ते लेकीबरोबर गेले. मला विचाराल तर त्या दिवशी त्या पार्कात त्यांच्याएवढा उंच माणूस दुसरा नव्हता.

पट्टे आवळले गेले. मुंगीचा पट्टा खांद्यावर चपखल बसला. मास्तरांनी मात्र आपला पट्टा दोन्ही मुठींत गच्च धरला. मुंगीनं ते पाहिलं, हात लांब करून बापाच्या हातावर थाप मारली आणि म्हणाली, "आत्ता जरा मोठं वाटतंय बाबा, पण बसेल हळूहळू."

खुर्च्या वर उचलल्या गेल्या.

आता वर नेमकं काय झालं, याबद्दल घरात दोन मतं आहेत. मुंगीनं सगळ्या वर्गाला सांगितलंय की बाबा पहिल्यापासून शेवटपर्यंत "आई गं, आई गं" असं ओरडत होते. दादाही तेच सांगतो. खाली उभ्या असलेल्या नर्सनंही तेच ऐकलं.

पण पोस्टात कुणी विचारलं तर मास्तरीणबाई काट्यावरची नजर न हलवता म्हणतात, "छे हो! हसत होते. अगदी खळखळून."

ज्या बाईनं आजवर सख्ख्या भावाला एक ग्रॅम सोडला नाही, तीच ही बाई. नवऱ्यासाठी मात्र तिनं चांगलं तीन बोटं वाढवून धरलं.