निहारचा धाकटा भाऊ

फॉर्म भरायची मुदत पाच वाजता संपत होती आणि प्रफुल्लने तो पावणेपाचला उघडला. कानात ऑफिसची मीटिंग चालूच होती. तिसरीतल्या निहारला शाळेच्या गिफ्टेड, म्हणजे विशेष हुशार मुलांच्या, वर्गात घ्यायचं की नाही, हे ठरवण्याआधी आईवडिलांनी नऊ प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. पहिलाच प्रश्न होता, 'तुमचं मूल कशात रमतं?' प्रफुल्ल दोन मिनिटं स्क्रीनकडे नुसता बघत राहिला.

मग त्याला आठवलं, तीन वर्षांपूर्वी थोरल्या नेत्रासाठी हाच फॉर्म आपण भरला होता. चांगला तीन दिवस बसून, एकेक वाक्य घासूनपुसून. नेत्रा पहिल्या फटक्यात निवडली गेली होती. प्रफुल्ल पडला सॉफ्टवेअरवाला. चालणारा कोड पुन्हा लिहू नये, हा त्याचा धर्म. 'नेत्रा' होतं तिथे 'निहार' आलं, 'ती'चा 'तो' झाला आणि पाचाला दोन मिनिटं कमी असताना फॉर्म रवाना झाला.

सोमवारी दुपारी शाळेतून गिफ्टेड वर्गाच्या मिस कॉलिन्सचा फोन आला.

"निहारबद्दल फार सुंदर लिहिलंय तुम्ही. विशेषतः तो धाकट्या भावाला शिकवतो ते."

"कुणाला?"

मिस कॉलिन्सने वाचून दाखवलं, "'निहार आपल्या पाच वर्षांच्या भावाला न कंटाळता बेरजा शिकवतो. भाऊ त्याच्याइतका चलाख नाही, पण गोड आहे.'"

वाक्य त्याचंच होतं. आणि तीन वर्षांपूर्वीचा तो चलाख नसलेला भाऊ म्हणजे निहारच होता.

"पण तुमचा धाकटा आमच्या पटावर दिसत नाही. शाळेत जातो ना?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य तोंडातून निघेना. "घरीच असतो," प्रफुल्ल म्हणाला.

"घरी शिकवता? वा! पण मग त्याला मागे पडू देऊ नका. अशा मुलांसाठी आमच्याकडे मोफत मदत आहे. कागद पाठवते. तुमच्या उत्तराची प्रतही जोडलीय, म्हणजे संदर्भ राहील."

"ईमेल करा ना!"

"निहारच्या दप्तरात पाकीट केव्हाच ठेवलं."

प्रफुल्लने ऑफिसातली मीटिंग सोडली आणि घराकडे गाडी काढली. ते वाक्य निहारच्या डोळ्यांसमोर जाता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण अमेरिकेतल्या त्यांच्या अल्फारेटा गावाचे सगळे सिग्नल त्या दिवशी लाल होते. तो पोचला तेव्हा स्कूलबस येऊन गेली होती आणि स्वयंपाकघरात त्याची बायको जागृती हातात कागद घेऊन उभी होती.

"मला तिसरं मूल झालं आणि मलाच कळवलं नाहीस?"

"अगं, घाईत झालं."

"मूल घाईत झालं?"

नेत्राने आईच्या हातातला कागद ओढून घेतला. "ओ माय गॉड, बाबा! दिस इज माय फॉर्म! निहारला व्हायोलिन कधीपासून येतं?"

"निहारने वाचलं का?" प्रफुल्लने हळूच विचारलं.

"पाकीट फोडलेलंच होतं," जागृती म्हणाली. "वर खोलीत आहे तो. तुझ्या तोंडानेच सांग त्याला. आणि परवा शाळेत जाऊन त्या बाईंनाही."

प्रफुल्ल वर गेला, दारापाशी थांबला, आणि खाली आला. असं दोनदा झालं. जेवताना निहार पोळीचा रोल करून खात होता आणि काहीच विचारत नव्हता. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवारी मिस कॉलिन्ससमोर बसताना प्रफुल्लने वाक्य पाठ करून आणलं होतं. शेजारच्या खुर्चीत निहार पाय हलवत बसला होता. प्रफुल्लने तोंड उघडायच्या आत बाईच म्हणाल्या, "निहारने काल मला देवांगबद्दल सगळं सांगितलं."

"देवांग?"

"तुमचा धाकटा. त्याला बेरजा जमत नाहीत, पण तो न्याहारीच्या सीरियलच्या रिकाम्या खोक्यांचे पूल बांधतो म्हणे. वर डिक्शनरी ठेवली तरी मोडत नाहीत असे. संध्याकाळी मात्र तो जिन्यावर बसून राहतो. कारण तेव्हा बाबा ताईचं मॅथ्स घेतात आणि घरात आवाज करायचा नसतो."

गॅरेजमधली ती खोकी प्रफुल्लने स्वतःच्या हाताने दोनदा रिसायकलिंगमध्ये टाकली होती. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"असा मुलगा नाहीये," तो म्हणाला. "म्हणजे आहे. हाच आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. मिस कॉलिन्सने चष्मा काढून पुसला, ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला आणि त्याच्यासमोर सरकवला.

"मुदत कधीपर्यंत?" प्रफुल्लने विचारलं.

"निहारची ओळख व्हायला तुम्हाला किती दिवस लागतील?"

गाडीत बसल्यावर प्रफुल्लने विचारलं, "तू त्यांना खोटं कशाला सांगितलंस रे?"

"तू लिहिलं होतंस ना, बाबा. मी नो म्हटलं असतं तर यू वुड बी इन ट्रबल."

प्रफुल्लने "सॉरी" म्हटलं. निहार "इट्स ओके" म्हणाला, आणि ते ऐकून प्रफुल्लला अधिकच ओशाळल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी नेत्राला तिचं मॅथ्स एकटीला करायला सांगून बापलेक फॉर्म घेऊन बसले. पहिल्याच प्रश्नाला एक तास लागला, कारण मधे एक पूल बांधून बघावा लागला. सातव्या प्रश्नापर्यंत यायला शुक्रवार उजाडला. 'घरात आणखी मुलं?' प्रफुल्लने काळजीपूर्वक लिहिलं, 'एक मोठी बहीण.'

निहार खांद्यावरून वाचत होता. "आणि देवांग?"

"अरे, तो चुकून आला होता. त्याला काढला आपण."

"डोंट, बाबा! राहू दे ना त्याला."

"का रे?"

"तो गेला तर मग मी कुणापेक्षा हुशार?"