चिंगळी भूगोलात नापास झाली त्याची गोष्ट

एका जंगलात, मुलांनो, एक माध्यमिक विद्यालय होतं. मागच्या बाकावरच्यांनी आत्ताच जांभया देऊ नयेत. भूगोलाचा तास अजून सुरू व्हायचाय.

त्या शाळेत नववीला भूगोल शिकवायला साळिंदर सर होते. ते मुळात पी.टी.चे. पण भूगोल कुणालाही शिकवता येतो, असं मुख्याध्यापकांचं ठाम मत होतं. पुस्तक दूरच्या वाळवंटातल्या उंटांच्या समितीने लिहिलेलं. त्यात छापलं होतं, 'आपली नदी हंगामी असून तिला पूर येत नाही.' साळिंदर सर हे वाक्य फळ्यावर लिहीत आणि खाली दोन रेघा ओढत.

वर्गात मुंगसाचा वेदांग पहिला यायचा. त्याला पुस्तक स्वल्पविरामासकट पाठ होतं. पाणमांजराची मुलगी चिंगळी शेवटून पहिली. ती नदीतच जन्मलेली. पण उत्तरपत्रिका कोरडी असते ना!

एकदा क्षेत्रभेट ठरली. अभ्यासक्रमात होती, म्हणून ठरली. सरांनी सगळ्यांना नदीच्या पात्रात मधोमध वाळूवर बसवलं आणि पाण्याकडे पाठ करून नदी समजावून द्यायला घेतली.

चिंगळीने नाक वर केलं. "सर, पाण्याला मातीचा वास येतोय. फेस पण आलाय. वर डोंगरात पाऊस झाला असणार. चला ना काठावर."

"चिंगळी, पूर हा सातवा धडा. आपला पाचवा चालू आहे."

"पण सर, पाणी..."

"आणि सातवा आपण ऑप्शनला टाकलाय. वेदांग, सांग तिला."

वेदांग उभा राहिला. "आपली नदी हंगामी असून तिला पूर येत नाही."

"शाब्बास. बस."

तो बसला तो पाण्यातच बसला.

मग एकच धावपळ उडाली. भेकरं, ससे, रानडुकराची जुळी, सगळी मधल्या मोठ्या खडकावर चढली. सर त्यांच्या आधीच चढले होते. पी.टी.चा तेवढा उपयोग झाला. वेदांग मात्र गाईड घ्यायला मागे वळला आणि लोंढ्यात सापडला. एकदा त्याचं डोकं दिसलं. मग नुसती शेपटी.

चिंगळीने उडी टाकली. तिला भीती वाटली नाही असं नाही. एवढं पाणी तिनेही पाहिलं नव्हतं. पण तिने वेदांगची मान दातांत धरली, प्रवाहाला तिरकं कापत गेली आणि त्याला खडकावर ओढून आणलं. तो ओकला, थरथरला आणि तिचा पंजा धरून रडला.

सरांनी हजेरी घेतली. मग चौफेर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागाला काय म्हणतात?"

"बेट, सर!"

"क्षेत्रभेट यशस्वी झाली," सर म्हणाले.

संध्याकाळी पाणी ओसरलं. सगळे घरी गेले.

पुढे वार्षिक परीक्षा आली. प्रश्न होता : 'आपल्या नदीला पूर येतो का? सकारण लिहा.' चिंगळीने डोळ्यांनी पाहिलेलं सगळं लिहिलं. पाणी कुठून आलं, वास कसा येतो, कुठे चढावं, बुडणाऱ्याला कुठे धरावं. पुरवणीसुद्धा घेतली. वेदांगने एक ओळ लिहिली. त्याला पैकीच्या पैकी. चिंगळीला भोपळा.

चिंगळीची आई शाळेत आली. "अहो सर, माझी पोर खरं लिहून नापास कशी झाली?"

"बाई, खरं आहे हो. पण पुस्तकात नाही."

वेदांगला राहवलं नाही. तोही सरांकडे गेला. "सर, तिने मला वाचवलं. तिला थोडे तरी मार्क द्या."

"ते मूल्यशिक्षणात येतं, बाळ. भूगोलात धरता येत नाही."

चिंगळी घरी जाऊन बिळात तोंड खुपसून बसली. मासासुद्धा खाईना. शेवटी आईने तिला शिकवणी लावली. शिकवायला कोण? वेदांग.

पहिल्या दिवशी वेदांगने पुस्तक उघडलं. मग हळूच म्हणाला, "हे बघ चिंगळी, पूर येत नाही असंच लिही. मीही तेच लिहितो."

"आणि खरंच आला तर?"

"तर काय," वेदांग म्हणाला, "तू आहेसच की."

तात्पर्य : वर्गात एकाला पोहता येत असेल, तर बाकीच्यांनी भूगोल पाठ करायला हरकत नाही. फक्त त्या एकाला नापास करायला विसरू नये. वरच्या वर्गात गेला तर हाताशी राहत नाही.