डाव्या गालावरचा तीळ

सुमनबाईंनी सासूबाईंचा तीळ उजव्या गालावरून उचलून डाव्या गालावर ठेवला, तेव्हा त्यातून एवढं रामायण होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्याचं असं झालं. सुमनबाई कथा लिहीत. वय त्रेचाळीस, छापून आलेल्या कथा तीन (परत आलेल्या मोजणं त्यांनी कधीच सोडलं होतं). भाकरी तव्यावर पडली की त्यांना काहीतरी सुचायचंच. त्यामुळे जळगावच्या त्या गल्लीत करपल्याचा वास सुटला की बायका म्हणत, "बाईंना आज सुचलंय वाटतं."

चौथ्या कथेला एक दुष्ट सासू हवी होती. ती शोधायला लांब कुठे जायचं? यशोदाबाई, म्हणजे गल्लीभराच्या अक्का, समोरच सुपारी कातरत बसल्या होत्या. आता लेखिका झाली तरी तिला भीड असतेच. अक्का धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या, म्हणून कथेतली सासू फैजपूरची केली. नाव दिलं शेवंताबाई. आणि तीळ हलवला. एवढा बंदोबस्त केल्यावर खुद्द ब्रह्मदेवालाही ओळख पटली नसती. शिवाय अक्कांना अक्षरओळख नव्हती. लेखिकेला याहून बिनधोक सासू कुठे मिळायची?

चैत्रात अंक आला. भाईदासभाऊ, म्हणजे सुमनबाईंचे यजमान, कचेरीत कारकून. त्यांनी तो अंक घरोघर मिरवला.

"वाचली का तुम्ही?" सुमनबाईंनी विचारलं.

"वाचायचं काय त्यात? नाव छापलंय की!"

मिरवता मिरवता अंक शेजारच्या सुनंदाबाईंकडे राहिला. सुनंदाबाई शाळेत मास्तरीण. आवाज असा खणखणीत की तिसऱ्या गल्लीतली पोरं पाढे म्हणायला लागत. दोन दिवसांनी अक्कांच्या अंगणात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायचे होते. ज्वारी भिजवायची, भरडायची, मसाला घालून तिचा घाटा शिजवायचा आणि गरम गरम, बाजेवर पसरलेल्या ओल्या धोतरावर थापून उन्हात वाळवायचा. एकटीदुकटीचं काम नव्हे ते. सगळी गल्ली पहाटेच जमली. थापायला बसलेल्या बायकांत सुमनबाईंना कोणी घेतलं नाही (त्यांच्या बिबड्यांचे नकाशे होत). त्यांच्या हाती चाटू देऊन त्यांना चुलीवरच्या पातेल्यापाशी उभं केलं. "फक्त ढवळत राहा. खाली लागू देऊ नका."

आणि सुनंदाबाईंनी पदराखालून अंक काढला. "अक्का, तुमच्या सुनेची गोष्ट वाचते. हातही चालतील, कानही."

सुमनबाईंचा चाटू दुप्पट वेगाने फिरू लागला. "अहो, नको हो, उगीच..."

"वाच वं," अक्का म्हणाल्या.

सुनंदाबाई वाचू लागल्या. फैजपूरची शेवंताबाई, डाव्या गालावर तीळ, कातरता कातरता अडकित्ता सुनेवर रोखून बोलायची सवय. सुमनबाईंनी अक्कांकडे चोरून पाहिलं. त्यांच्या कमरेलाच अडकित्ता खोचलेला. आता ओळखतील. आता!

चुलीचा धूर वर चढत होता. त्यात सुमनबाईंना जळगावचं स्टेशन दिसलं. फलाटावर त्या एकट्या, हातात पत्र्याची ट्रंक. अक्कांनी घराबाहेर काढलेल्या. चाळीसगावला माहेरी जाणारी गाडी शिट्टी देतेय. खिडकीतून त्या मागे पाहतात, आणि फलाटाच्या दाराशी अक्का उभ्या, हातात झाकलेलं ताट. लिहायला बसलं की बावीस वर्षं अक्का असंच ताट झाकून ठेवत आल्या होत्या. (कथेत हे लिहायचं राहूनच गेलं होतं.) सुमनबाईंचे डोळे भरले. बाजांवरचे ओले बिबडे चंद्रासारखे दिसू लागले. एका अंगणात चाळीस चंद्र! त्यांना वाटलं, हे वाक्य बरं आहे, लक्षात ठेवलं पाहिजे. चाटू कधी थांबला ते काही लक्षात आलं नाही.

इकडे गोष्टीतल्या सुनेला, पुष्पाला, शेवंताबाईंनी उपाशी ठेवलं, तशी थापायला बसलेल्या बेबाबाईने नाक ओढलं. अक्कांनी कोपराने डोळे पुसले. "हाई कोन सासू शे वं माय! इले नरकमा बी जागा भेटाव नही."

सुमनबाईंचा जीव भांड्यात पडला. ओळखलं नाही! तेवढ्यात सुनंदाबाईंनी पुढचं वाक्य वाचलं: "आदल्या संध्याकाळी भिजवलेल्या ज्वारीचे बिबडे पुष्पाने सकाळी भुकेल्या पोटी थापले, तरी सासू गरजली..."

सगळे हात थांबले.

"आदल्या संध्याकाळी?" बेबाबाई म्हणाली. "एका रात्रीत?"

"एक रातमा भिजाडेल ज्वारीना बिबडा?" अक्कांचे अश्रू तिथल्या तिथे वाळले. "मंग सासू बोलाव नही ते काय आरती करी?"

"मी असते तर माहेरीच धाडली असती," बेबाबाई म्हणाली. आत्ताच तिने पुष्पासाठी नाक ओढलं होतं.

पाच मिनिटांत अख्खी गल्ली शेवंताबाईच्या बाजूची झाली. कथेच्या शेवटी पुष्पा विहिरीच्या काठी जाऊन उभी राहते. सुनंदाबाईंनी तिथे आवाज कापरा केला, पण कोणी हळहळलं नाही. "जीव द्यायला निघाली, पण ज्वारी नीट भिजवायला नको," एवढंच कोणीतरी म्हणालं. आणि मग सगळ्यांच्याच नाकाला वास गेला.

"बाईंना सुचलंय!" बेबाबाई ओरडली.

घाटा तळाला चांगला चार बोटं लागला होता.

बायका गेल्यावर सुमनबाई पातेलं खरवडत बसल्या. अक्का शेजारी येऊन टेकल्या. सुपारी कातरायला घेतली. मग हळूच म्हणाल्या, "तीळ तिकडे कसाले लई गई वं?"

सुमनबाईंच्या हातातली कालथी पडली. "अक्का..."

"फैजपूरले मी कधी गई बी नही." अडकित्ता सुनेवर रोखला गेला. "मी वाईट शे ते शे. पन ज्वारी तीन दिन भिजाडतस. ते लिख." आणि झाकलेलं ताट सुनेपुढे सरकवून त्या आत गेल्या.

महिन्याने संपादकांचं पत्र आलं. कथेवर वाचकांची नऊ पत्रं आली होती. सुमनबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मग पुढचं वाचलं. नऊही जणींनी कथेत लिहिल्याप्रमाणे बिबडे केले होते आणि नऊही जणींचे फुटले होते. तरी घरातल्या एखाद्या जाणत्या बाईंकडून खुलासा पाठवावा, अशी विनंती होती.

अक्कांनी सांगितलं, सुमनबाईंनी लिहून घेतलं. पुढच्या अंकात अख्खं पान छापून आलं. वर नाव यशोदाबाई. लेखनिकाचं नाव द्यायची पद्धत नसते.

त्या संध्याकाळी भाईदासभाऊंनी अंक हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादं पान, तेही अक्कांचं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"याला म्हणतात लिहिणं!" ते म्हणाले. "बिबडे जमतात की फुटतात, शेवटपर्यंत कळत नाही. तू का नाही गं असं काही लिहीत?"