मठपती सर आणि शाळेचा केर

मठपती सर कुठेही बसण्याआधी पाण्याचा ग्लास मागत आणि तो पीत नसत. ग्लास काठोकाठ भरून टेबलावर ठेवायचा, त्याच्याकडे थोडा वेळ बघायचं आणि पाणी हलत नाही असं दिसलं की मग खुर्ची ओढायची. पुढे बोलणं कुणाशीही चालो, त्यांचा एक डोळा पाण्यावर असे. पाणी जरा थरथरलं की सर वाक्य अर्ध्यावर सोडून उठत आणि दाराकडे चालू लागत. समोरच्यानेही मागोमाग यावं अशी त्यांची अपेक्षा असे. बहुतेक वेळा रस्त्यावरून एखादा ट्रक गेलेला असे.

किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या मराठवाड्यात अशी माणसं बरीच होती. कुणी भांड्यावर भांडं रचून निजत, कुणी अंगणातच निजत. पण बाकीच्यांची भीती हळूहळू विरली. सरांनी ती नेमाने सांभाळली.

सर औशाला वारले. मला कळायला उशीर झाला. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून बसतो, आणि उठतो.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते हैदराबादला, मालदीवच्या शाळांसाठी शिक्षक निवडणाऱ्या एका एजंटाच्या ऑफिसात. मी नांदेडचा, एका खाजगी क्लासमध्ये तासावर इंग्रजी शिकवणारा. सर लातूरकडचे, फिजिक्सचे, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंगायतांचं इष्टलिंग, काखेत रेक्झिनची बॅग. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, परदेशी का जायचंय. सर म्हणाले, "ते सांगतो. आधी ही बिल्डिंग कोण बांधली ते सांगा."

"का?"

"खातरजमा केलेली बरी."

खातरजमा हा त्यांचा लाडका शब्द. तिकिटाची खातरजमा, भाजीतल्या मिठाची खातरजमा, लावलेल्या कुलपाची पुन्हा उघडून खातरजमा. आम्हा दोघांचीही निवड झाली. त्या बेटावर जायला आणखी कुणी तयार नव्हतं, असा माझा अंदाज आहे.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. गोदामात क्लास, मंगल कार्यालयात क्लास, पत्र्याच्या शेडमध्ये क्लास. अशा दिवसांत फिजिक्सच्या जुन्या, नावाजलेल्या मास्तराला काम मिळू नये, हे मला कोडं वाटे. बोटीत त्यांनीच सांगितलं. ज्या क्लासमध्ये ते होते त्याचा मालक त्यांचाच विद्यार्थी. एकदा परीक्षेच्या तोंडावर ग्लासातलं पाणी हललं आणि सरांनी हॉलभर पोरं जिन्याने खाली उतरवली. नंतर पुन्हा एकदा. मग पुन्हा.

"मालक काय म्हणाला?"

"म्हणला, सर, तुमचं शिकवणं एक नंबर. पण पोरं फिजिक्स निम्मं वर्गात अन् निम्मं जिन्यात शिकायलीत."

"मग?"

"मग काय. पोरगं हुशार हाय ते. मीच शिकवलेलं."

परदेशी जाण्याचं कारणही तेव्हाच कळलं. त्यांची बायको भूकंपापासून औशाला भावाच्या घरी होती आणि स्लॅबखाली निजत नव्हती. उन्हाळा, पावसाळा, ओसरीत. तिच्यासाठी सर औशाला एक हलकी खोली बांधत होते. विटांच्या बुटक्या भिंती, वर लाकूड, त्यावर पत्रा. भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या. करार पुरा झाला की खोली पुरी होणार होती. "पत्रा पडला तर खोक पडती, माणूस जात न्हाई," ते म्हणाले. एवढंच त्यांचं परदेशाचं स्वप्न.

बेट इतकं लहान होतं की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला कळावं. सर पहिल्या संध्याकाळी किनाऱ्यावर उभे राहून चहूकडचा समुद्र बघत होते. मागे आमच्या खोलीशी पावसाचं पाणी साठवायची टाकी होती, तेवढंच प्यायचं.

"नांदेडकर," ते म्हणाले. मला ते शेवटपर्यंत नांदेडकरच म्हणत. "एवढं पाणी, अन् प्यायचं मोजून. म्हंजे लातूरच की हे."

शाळेत आठवड्याभरात त्यांचं नाव झालं. जनरेटर सुरू झाला, ग्लासातलं पाणी थरथरलं, आणि सरांनी वर्ग दोन रांगांत बाहेर काढून नारळीखाली उभा केला. मुख्याध्यापिका बाई धावत आल्या. त्यांना वाटलं, हा आगीचा सराव. इतक्या शिस्तीत या शाळेत कधी झाला नव्हता, असं त्या म्हणाल्या. सरांनी मान लववली. मला मात्र त्या दिवसापासून धास्ती लागली. बाई काटेकोर होत्या, आमचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात होते, आणि जनरेटर रोज सुरू होणार होता.

पण संकट भलतीकडून आलं. शाळा झाडणारी बाई बाळंतपणाला राजधानीच्या बेटावर गेली. दुसरी मिळेना. मुख्याध्यापिका बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं की, नवी बाई मिळेपर्यंत शिक्षकांनीच सफाई करायची. तिथल्या शिक्षिकांना त्यात काही वाटलं नाही. त्या बेटावर बायका रोज सकाळी आपल्या दारापुढची वाळूसुद्धा झाडत. त्यांनी आपापले वर्ग वाटून घेतले. आम्ही दोघं शाळेच्या आवारातच राहणारे, म्हणून आमच्या वाट्याला दोन मोठे वर्ग आणि संडास आले. करारात "सोपवलेली इतर कामे" असे शब्द होते. बाईंनी त्यावर बोट ठेवून दाखवलं.

माझी झोप उडाली. माझे वडील निवृत्त हेडमास्तर. त्यांनी नांदेडात सगळ्या पाहुण्यांना, पोरगा परदेशात प्राध्यापक झाला, असं सांगितलं होतं. हातात खराटा घेतलेला प्राध्यापक मला डोळ्यांसमोर दिसू लागला. मी सकाळी सरांपुढे लांबलचक बोललो. आपण शिकवायला आलोय, मान नावाची काही गोष्ट असते, दोघांनी मिळून नकार द्यायला हवा, वगैरे.

सर विभूती लावत होते. पूजा आटोपून म्हणाले, "झालं का? संडास मी धुतो. तुम्ही इंग्रजीवाले, तुम्हाला जमायचं न्हाई."

"तुम्ही एमेस्सी आहात, सर."

"म्हणूनच. आमच्याकडं प्रॅक्टिकल असतंय."

आणि त्यांनी खरोखर धुतले. पायजमा वर खोचून, नाकाला उपरणं बांधून, भांडी घासावीत तसे लख्ख. मग ते वर्ग झाडायला आले, आणि तिथे गाडी अडली.

झाडत ते सावकाश, नीट. केराचा ढीग करीत. पण ढीग सुपड्यात भरून टाकून द्यायचा, एवढं त्यांच्याने होईना. ते ढिगासमोर उकिडवे बसत, मूठभर केर तळहातावर घेत, बोटाने पसरीत, फुंकर घालीत, आणि मग दुसरी मूठ. पेन्सिलींचे तुकडे, खोडरबर, केसांच्या पिना, मणी, शिंपले, एकदा तर कुणाचा पडलेला दात, असं जे निघे ते खिडकीत कागदावर मांडून ठेवीत. मुलांना हा खेळ फार आवडला. हरवलेलं काही असलं की ती सरळ सरांच्या खिडकीशी येत. पण तोवर घंटा होऊन जाई, मुलं दाराशी तिष्ठत, आणि सर मूठमूठ केर बघत बसलेले असत. मी माझ्या वर्गाचा केर टाकायला निघालो, तरी ते अडवीत.

"बघितलं का त्यात?"

"केर आहे सर, काय बघायचं?"

"ठेवा तिथं. मी बघतो."

मला वाटलं, माझं बोलणं त्यांना पटलंय आणि हा त्यांचा असहकार आहे. काम नाकारायचं नाही, पण ते कधी संपूही द्यायचं नाही. मनातून मी त्यांच्यावर खूश झालो. एकदा तसं बोललोही. त्यांनी माझ्याकडे, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघावं तसं पाहिलं आणि पुढची मूठ घेतली.

दुर्दैवाने बाईंनाही माझ्यासारखंच वाटलं. आधी त्यांनी विचारलं, अंगठी हरवली का. सर नाही म्हणाले. मग त्या रोज दाराशी येऊन उभ्या राहू लागल्या. शेवटी त्यांनी आम्हाला बोलावलं आणि आवाज न चढवता सांगितलं की, शिक्षण खात्याचे साहेब गुरुवारी बोटीने येणार आहेत. घंटेआधी वर्ग स्वच्छ नसला, तर मठपती सरांनी त्याच बोटीने परत जायचं. हा चालवलेला तमाशा त्या आणखी सहन करणार नाहीत.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सर, आता पुरे. केर सरळ टाकून द्या. औशाच्या खोलीचं काय होईल?"

सरांनी संडासाकडे जाऊन ब्रश हातात घेतला. मी मागोमाग गेलो. मला खरंच भीती वाटत होती. त्यांना परत धाडतील याची, आणि त्यांच्याशिवाय त्या बेटावर उरण्याची.

"काय शोधता तुम्ही?"

ते फरशी घासत राहिले. माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"किल्लारीच्या पुढं आमचं गाव. त्या पहाटे मी लातूरला होतो. पहाटेची बॅच होती. बायको औशाला. पोरगी माझ्या आईपाशी, गावात. महानंदा. दुसरीत होती." ब्रश चालूच होता. "मी पोचलो तवर सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला होता. लई मयती होत्या, लोक तरी काय करतील. आमच्यात जाळत न्हाईत, नांदेडकर. बसवून मातीत देतेत. तळहातावर लिंग ठेवून. काळं, बोराएवढं, जन्मल्यावर गळ्यात बांधलेलं असतंय, ते संगं जातंय."

त्यांनी ब्रश बादलीत बुडवून पुन्हा घेतला.

"शेजारच्यानं काढलं तिला. तो म्हणला, गळा मोकळा होता. मग मी पडलेल्या घराचा ढीग चाळायला बसलो. पाटी-पाटी. निम्मं चाळून झालतं, तवर मशीन आलं रस्ता करायला. उरलेलं नेलं भरून." त्यांनी बादली ओतली. "हे हितं काय न्हाई, ते मला कळतंय. मी येडा न्हाई. पण बघितल्याबिगर टाकायला हात होत न्हाई."

"मी बाईंना सांगतो. त्या समजून घेतील."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाई. पोरीच्या नावावर सवलत न्हाई मागायची. पाठवलं परत तर जाईन."

मी पुष्कळ समजावलं. काही उपयोग झाला नाही. औशातल्या त्या अर्धवट भिंती मी कधी पाहिल्या नव्हत्या, पण त्या दोन-तीन दिवसांत माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

गुरुवारी मी पहाटेच उठून वर्ग झाडायला घेतले. सर आले तेव्हा ढीग झालेला होता. मी त्याचे दोन भाग केले आणि एका भागापुढे उकिडवा बसलो. ते उभेच राहिले.

"तुम्हाला काय दिसायचंय त्यात," ते म्हणाले.

"तुम्ही शिकवा की."

"मूठ लहान घ्या. फुंकर हळू. रेती वेगळी, वजन वेगळं. बोटाला कळतंय."

आम्ही समोरासमोर बसून चाळू लागलो. माझा भाग संपला की ते तो ओढून घेत आणि पुन्हा चाळीत. माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि मला राग आला नाही. घंटेच्या थोडं आधी सुपडं रिकामं झालं. मुख्याध्यापिका साहेबांना घेऊन आल्या, वर्ग पाहिला, पुढे गेल्या. बोट दुपारी साहेबांना घेऊन परतली.

त्यानंतर हेच आमचं रोजचं काम झालं. नवी झाडणारी बाई काही लवकर मिळाली नाही. माझा भाग सर रोज दुसऱ्यांदा चाळीत. पोरं आम्हाला हसत, शिक्षिका हसत, आणि आम्ही एकमेकांना नांदेड-लातूरचे टोमणे मारत केर निवडत असू. "तुमच्या नांदेडच्या माणसाला तांदळात खडा दिसंना, केरात काय दिसणार," असं त्यांचं चाले.

पाऊस लागून राहिला होता अशा एका सकाळी माझ्या बोटाला काहीतरी जड लागलं. धूळ झटकली. काळं, गुळगुळीत, बोराएवढं. त्या बेटावर दगड पांढरेच. काळा खडा मी कधी पाहिला नव्हता.  आपण कुठे आहोत, कुठलं गाव, मध्ये किती समुद्र, यातलं काही डोक्यात राहिलं नाही. मी तळहात त्यांच्यापुढे धरला. 

सरांनी ते उचलून आपल्या डाव्या तळव्यावर ठेवलं. पूजेला बसल्यासारखे त्यावर वाकले. मग अंगठ्याने दाबलं. त्यावर ठसा उमटला.

"डांबर हाय," ते म्हणाले. "बोटींना लावतेत ते. पोरांच्या चपलांना चिकटून आलंय."

मी मान खाली घातली. मला रडू येत होतं आणि ते का येतंय याची लाज वाटत होती.

"तुम्हाला बी वाटलं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

 पाऊस पत्र्यावर वाजत होता. मग त्यांनी सुपडं पुढे ओढलं, आपला चाळून झालेला केर त्यात भरला, माझ्या पुढ्यातलाही भरला, आणि माझ्या भागाकडे पुन्हा न बघता उठून तो बाहेरच्या पिंपात टाकून आले.