सबनीसकाकांचा मंगळवार

आमच्या शेजारच्या सबनीसकाकांच्या घरी रोज मंगळवार असतो. रविवारी मंगळवार, गुरुवारीही मंगळवारच. बरं, तोही इथला नाही, लंडनचा! मी सकाळी सात वाजता कचऱ्याचा डबा बाहेर ढकलत असते आणि काका ड्राइव्हवेवरून हात हलवून विचारतात, "गुड आफ्टरनून! जेवण झालं का?" अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला आलो तेव्हा पहिले सहा महिने मला वाटायचं, वय झालं बिचाऱ्यांचं. आता वाटतं, माझंच काहीतरी बिघडलंय.

काका नव्वदीला टेकलेले, रिटायर्ड भूलतज्ज्ञ. अमेरिकेत येण्याआधी ते चार वर्षं विलायतेतल्या एका हॉस्पिटलात होते. महायुद्ध संपून तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. त्या काळातल्या रेडिओच्या छापील कार्यक्रमांचं एक पान त्यांच्याकडे आहे, एका मंगळवारचं, आणि त्या पानाप्रमाणे त्यांचं घर चालतं. बातम्या, पियानो, शेतमालाचे भाव, बायकांसाठी गप्पा, सगळं मिनिटाला मिनिट. जुन्या रेडिओच्या नादिष्ट लोकांकडून त्यांनी टेपा मिळवल्यात. टेप चालू असताना कोणी तोंड उघडलं की काकांचं बोट वर. "शूऽऽ! ऑन एअर आहोत आपण!"

पण बरेचसे कार्यक्रम तेव्हा रेकॉर्डच झाले नव्हते. मग त्यांचं काय करायचं? शेजारी कशाला आहेत!

माझ्या नवऱ्याकडे, अमेयकडे, समुद्रावरचं हवामान आलं. जिथे समुद्राचा पत्ता नाही अशा मिनेसोटात, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, हा पुण्याचा माणूस जहाजांना वादळाचे इशारे देतो. तेही ऑफिसातल्या स्टेटस मीटिंगच्या सुरात.

"जरा गंभीरपणे, अमेय. खलाशी ऐकतायत."

"कुठले खलाशी, काका?"

"ते तू विचारायचं नाहीस."

आमच्या आठ वर्षांच्या रेवाला मुलांची गोष्ट दिली आहे. स्कूलबस यायच्या आधी ती काकांना फोनवर वाचून दाखवते. "आई, इज इट ट्यूजडे अगेन?" ती रोज विचारते. "हो गं बाई," मी म्हणते. दुसरं काय सांगणार?

एकदा न राहवून मी विचारलंच. "काका, एकच दिवस का? बुधवारानं काय घोडं मारलंय?"

"बुधवारचं पान नाही माझ्याकडे."

अरे बाप्पा! हे काय उत्तर झालं?

मार्चमध्ये माझा नंबर लागला. "शनिवारी पावणेपाचचा कार्यक्रम तू करायचास. पंधरा मिनिटं." मी हिशेब केला. लंडन सहा तास पुढे, म्हणजे आपले पावणेअकरा. गेले बरोब्बर. काकांनी दार उघडलं आणि घड्याळाकडे बघितलं. "तासभर आधी आलीस." झालं होतं असं की इथली घड्याळं आदल्याच रविवारी तासभर पुढे गेली होती, आणि विलायतेतली पुढे जायला अजून दोन आठवडे होते. तेवढ्यापुरता फरक पाच तासांचा. मी कपाळावर हात मारला.

"बस, चहा टाकतो," म्हणून काका आत गेले. टेबलावर ते पान होतं. इतक्या दिवसांत मी ते जवळून पाहिलंच नव्हतं. प्रत्येक कार्यक्रमासमोर पेन्सिलीनं, बारीक मराठी अक्षरात काहीतरी लिहिलेलं. "बातम्या. पाऊस एवढंच कळलं." "भाव. आकडे कळले, भाजी कळली नाही." "पियानो. हे सगळं कळलं." आणि पावणेपाचसमोर, "ही बाई हळू बोलते. माझ्याशीच बोलते असं वाटतं."

"कुसुमचं अक्षर आहे," मागून काका म्हणाले. कुसुमकाकू आम्ही इथे यायच्या आधीच गेल्या. "लग्नाला चार महिने झाले होते. मी सकाळी जायचो तो रात्री यायचो, कधी दोन-दोन दिवस नाहीच. तिला इंग्रजी येत नव्हतं. एका खोलीत ती आणि रेडिओ. मी विचारायचो, दिवस कसा गेला? ती म्हणायची, छान. आणि मी झोपून जायचो. ती गेल्यावर हे पान तिच्या पाककृतींच्या वहीत सापडलं, तेव्हा मला कळलं कसा गेला ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किती हसलो होतो आम्ही या माणसाला!

"एक दिवस तरी तिच्यासारखा काढावा, म्हणून ऐकतो. पण ही पावणेपाचची बाई काय बोलायची, तेच मिळत नाही गं. सगळीकडे पत्रं लिहिली. उरलंच नाही म्हणतात. तू काहीतरी बोल."

लंडनचे पावणेपाच झाले. काकांनी मला रेडिओसमोर बसवलं. मी पावणेपाचसमोरची ती ओळ पुन्हा वाचली.

"काका, मला नाही जमायचं. तुम्हीच बोला."

"मी? मी या वेळेला ड्यूटीवर असायचो."

"आज नाही ना."

काका खुर्ची ओढून रेडिओजवळ बसले आणि अगदी हळू, एकेक शब्द सुटा करत बोलायला लागले. "कुसुम, बाहेर थंडी आहे, शाल घे. सकाळी दार वाजतं ना, तो दूधवाला असतो. घाबरू नकोस, थँक्यू म्हटलंस की पुरे. खालच्या घरमालकीणबाई रागावलेल्या नाहीत गं तुझ्यावर. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्या वर येत नाहीत."

माझे डोळे वाहत होते आणि मी ते पुसतही नव्हते.

पाच वाजले. पुढच्या टेपची वेळ झाली, म्हणून मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे," काका म्हणाले, आणि बाजाराकडे जाणारी बस कुठल्या कोपऱ्यावर थांबते, ते तिला समजावून सांगू लागले.