लखमा जर्मनचा नातू

मुरबाड तालुक्यात आपल्याइतका पद्धतशीर माणूस दुसरा नाही, याविषयी जयरामकाकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तंत्रनिकेतनाची पदविका, कारखान्यातली पस्तीस वर्षे आणि घरात कोणी चुकीचा शब्द उच्चारला की जागच्या जागी दुरुस्ती! अशा माणसाला डावलून ती जर्मन बाई सुनिलच्या ओट्यावर जाऊन बसावी?

उर्सुलाबाई आपला पूर्वज शोधत आल्या होत्या. कंपनी सरकारच्या फौजेतला हा जर्मन शिपाई चाकरी सुटल्यावर इथेच जमीन कसून राहिला, असे त्यांच्या घरच्या पत्रांत होते. आणि त्याच्या नावाचा दगड निघाला तो शेजारच्या सुनिलच्या बांधावर! ज्या दगडावर सुनिल कालपर्यंत विळा घासत होता, त्याच्यासह आज सुनिलचा फोटो वर्तमानपत्रात!

"काका, बाय मला जर्मनीला बोलावतेय!" सुनिलने कुंपणावरून सांगितले. काकांच्या पोटात ओल्या गोवरीसारखे धुमसू लागले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी म्हसा गावच्या शाळेतून आपल्या वडिलांचा जुना दाखला काढला. त्यावर पालकाचे नाव होते : लखमा जर्मन! म्हणजे काकांच्या जन्माआधीच वारलेले आजोबा!

"लक्ष्मी, आपण जर्मन आहोत!"

"अवो, तुमी उन्हात गेल्ता का?"

"माझे डोळे बघ. घारट झाक दिसत नाही?"

"मोतीबिंदू हाय तो!"

काकांनी कागद ताणून वंशवृक्ष आखला. पहिल्या चौकटीत जर्मन शिपाई, शेवटच्या तीन चौकटींत आजोबा, वडील आणि स्वतः. मधल्या चार चौकटी रिकाम्या. पण काटकोन असा की सुताराचा गुण्या लाजावा!

रविवारी उर्सुलाबाईंना बोलावणे गेले. भाषांतराला सुनिलची मुलगी कुणाली आली, पाठोपाठ सुनिल आला आणि त्याच्यापाठी अर्धे गाव. साक्षीदार म्हणून म्हशाहून नव्वदीची पारूआत्या आणली होती. आजोबांची ही धाकटी लेक.

"आत्या, सांग सगळ्यांना. आजोबांना लोक जर्मन का म्हणत?"

"का म्हंजे? म्हशाच्या जत्रत जर्मनची भांडी इकायचा ना तो! लखमा जर्मनवाला! मास्तरानं 'वाला' खाल्ला असंल."

"जर्मनची... भांडी?"

"तुज्या घरात भाताचा मोठा टोप हाय ना, तो त्याच्याच दुकानातला हाय रे!"

काका मटकन बसले. 'अ‍ॅल्युमिनियम म्हणा, अ‍ॅल्युमिनियम!' असे चाळीस वर्षे बजावून त्यांनी 'जर्मन' हा शब्द स्वतःच घरातून हद्दपार केला होता!

कुणालीने भाषांतर केले. उर्सुलाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि त्यांनी टोप पाहायला मागितला. सुनिलही हसत होता. ते पाहून काका ताडकन उठले. "पाहता काय? घेऊन जा! आमच्या घराण्याकडून भेट!"

दोन महिन्यांनी फोनवर फोटो आला. बाईंच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, पोचे आलेला टोप! सुनिलचा पासपोर्ट अजून आलाच नव्हता. काका फोन घेऊन कुंपणाशी धावले.

"सुनिल, तू जाशील तेव्हा जाशील. आमचे घराणे जर्मनीत पोहोचले!"

सुनिलचे तोंड एवढेसे झाले. काकांच्या पोटात अखेर गार पडले.

तेवढ्यात आतून लक्ष्मीचा आवाज आला, "अवो, पंधरा पावणं जेवाया सांगितलंत ना? भात कशात शिजवू? घराण्यात?"

काका घसा खाकरून, आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाले,

"सुनिल, तुझ्याकडे मोठा टोप असेल का रे... जर्मनचा?"