खंडेनवमीची नवी हत्यारं

शालूने उघडा लॅपटॉप पुढ्यात आणून ठेवला, तेव्हाच रामराव हातभर मागे सरकले.

"बाबा, काम सोपंय. ह्या चौकोनावर बोट फिरवत राहायचं, मंजे हा झोपत न्हाई. आन् तुमच्या फोनवरून नेट घेतलंय. कॉल आला का झटक्यात कापायचा. उचलला तर नेट जाईन, नेट गेलं तर डाउनलोड तुटन, मंग पुन्हा पहिल्यापासून."

"आन् तू?"

"भोकरदनला. केबल उंदरानं कुरतडली. ती घेऊन आलेच."

रामराव हे केदारखेड्यातले धीराचे गृहस्थ समजले जात. पण विजेवर चालणारी वस्तू दिसली की त्यांचा धीर पार गळून जाई. विहिरीवरच्या स्टार्टरने एकदा त्यांना असे झटकले होते की तेव्हापासून घरातला मिक्सरसुद्धा ते बायकोला, साळूबाईंनाच चालू करायला लावत. आणि आज त्याच रामरावांच्या बोटावर लेकीचे नशीब येऊन बसले होते.

शालूचा हा उद्योग जगावेगळा होता. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी मिळून शेतासाठी एक यंत्र तयार केले होते आणि त्याची सगळी माहिती फुकट खुली करून टाकली होती. यंत्र म्हणजे विजेचे हिरवे छोटे तुकडे, पिनांनी खटकन एकमेकांत बसणारे. एक तुकडा मातीतली ओल ओळखी, एक मोटर चालू-बंद करी, एक अक्षरे दाखवी. पण त्यांना अक्कल द्यायची तर आधी लॅपटॉपमध्ये बरीच सामग्री उतरवून सगळी मांडामांड करावी लागे, आणि तीच आता हिरव्या पट्टीच्या रूपाने मुंगीच्या पावलांनी सरकत होती. उद्या दसऱ्याला शालूने हे यंत्र त्या मंडळींना ऑनलाइन चालवून दाखवायचे होते. जमले, तर ते तिला कामावर घेणार होते. नाही जमले, तर पुढच्या वर्षी बघू म्हणाले होते, आणि पुढच्या वर्षी काय बघायचे ते रामरावांना ठाऊक होते. साळूबाईंनी स्थळे शोधायला सुरुवात केली होती.

रामराव बोट फिरवू लागले. श्वासही जपून घेत होते. नाकावर माशी बसली, ती उडवायची हिंमत होईना.

इतक्यात फोन वाजला. साळूबाईंचा भाऊ, धावड्याचा तातेराव. रामरावांनी डोळे मिटून कॉल कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा कापताना त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली, कारण तातेरावचा फोन त्यांनी आयुष्यात कधी कापला नव्हता. मेहुणा रुसला तर त्याची समजूत काढता काढता दिवाळी उजाडते, हा अनुभव होता.

अंगणातून साळूबाईंचा आवाज आला, "आवं, आज खंडेनवमी. समदीच हत्यारं धुवून पुजायला घेऊ ना?"

"हूं," रामराव म्हणाले. त्यांची नजर पट्टीवर होती.

"पोरीचीबी?"

"हूं हूं. घे. बोलू नको मधी."

पट्टी शेवटाला टेकायला आली आणि दारात मोटारसायकल करकचून थांबली. मागोमाग हंबरडा. तातेरावची बायको गोपिकाबाई पदर तोंडाला लावून आत घुसली. "दाजीऽऽ! काय झालं हो!"

तातेराव मागून धापा टाकत आला. रामराव जमिनीवर मांडी घालून, घामाने निथळत, एक बोट गोल गोल फिरवत बसलेले पाहून त्याचा चेहरा उतरला.

"दाजी, वळखता का मला?"

"तातेराव, धक्का मारू नका!"

"वळखलं!" तातेराव बायकोला म्हणाला. "पर बोट बघ. बोटावरून वारं गेलंय. जल्दी उचला, दवाखान्यात न्यावं लागन."

त्याने रामरावांच्या काखेत हात घातलेसुद्धा. रामरावांनी मोकळ्या हाताने खांब धरला, दुसरे बोट मात्र चौकोनावरून उचलले नाही. ओढाताण चालू असतानाच लॅपटॉपने टुण्ण आवाज केला आणि पट्टी पूर्ण हिरवी झाली. ही खूण शालूने सांगितली होती. रामरावांचे डोळे भरून आले. त्यांनी मेहुण्याला कडकडून मिठी मारली, तेव्हा तातेरावला त्यांच्या डोक्याची खरी काळजी वाटू लागली.

तीनदा फोन कापला म्हणून दोघे घाबरून धावत आले होते; खुलासा झाला, हसणे झाले. मग रामरावांचे लक्ष कोनाड्याकडे गेले. तुकडे ठेवायचा शालूचा खोका रिकामा होता.

ते अंगणात धावले. उन्हात ओळ मांडली होती: विळे, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप. आणि ओळीच्या शेवटी, केळीच्या पानावर, ते हिरवे तुकडे. प्रत्येकाला हळदीकुंकवाची बोटे, वर झेंडूचे फूल, आणि खाली पाण्याचा ओघळ.

"हे... धुतलं?"

"मंग? पोरगी ज्याच्यावर पोट भरणार, ते तिचं हत्यारच की. पिना काळ्या पडल्या व्हत्या, चिंचेनं घासल्या. कशा लखलखून राह्यल्यात बघा!"

रामरावांनी कपाळाला हात लावला, आणि नेमकी त्याच वेळी शालू केबल घेऊन फाटकातून आत आली. तिने दारातूनच लॅपटॉपवरची पूर्ण पट्टी पाहिली, हसली. केळीचे पान पाहिले, आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले.

"आई!"

"मला काय म्हणती? मी यांना इचारलं व्हतं. दोनदा 'हूं' म्हणले."

सगळ्यांनी रामरावांकडे पाहिले. स्टार्टरचा तो झटका परवडला, असे त्यांना वाटले.

शालूने तुकडे पुसले, फुंकले, उन्हात उलटेपालटे केले. ती ऊन बघत बसली आणि घरचे तिच्याकडे बघत बसले. गोपिकाबाईंनी मनातल्या मनात देवीला नारळ बोलला. शेवटी शालूने तुकडे खटकन जोडले, नवी केबल लावली, लॅपटॉपवर काहीतरी दाबले. रामरावांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.

बराच वेळ काहीच झाले नाही. मग शालू खदखदून हसू लागली. रामरावांनी भीत भीत एक डोळा उघडला. फटीत अजून हळद अडकलेल्या त्या छोट्या पडद्यावर अक्षरे उमटली होती: 'ओल भरपूर आहे. मोटर लावू नका.'

"चालून राह्यलंय, बाबा! बिलकुल बराबर चालून राह्यलंय!"

रामरावांचे बोट अजूनही गुडघ्यावर गोल गोल फिरत होते.

साळूबाईंनी वाकून अक्षरे वाचली आणि पदर खोचला. "खोटं तर न्हाई बोलत बिचारं. चांगलं बादलीत बुचकळून काढलं व्हतं मी."